वाफवलेलं चिकन चिवट आणि बेचव होतंय, काय चुकतंय?

जाईजुई:
तेल कमी करायचंय म्हणून हल्ली चिकन वाफवून खाते पण ब्रेस्ट पीस बाहेरून पांढराफटक आणि आत नुसता चोथा, चावून चावून जबडा दुखतो. पातेल्यात पाणी, वर चाळणी, त्यात चिकन, वर झाकण आणि चांगला अर्धा तास ठेवते कारण कच्चं राहायची भीती वाटते. वेळ जास्त होतोय का? आणि त्यापेक्षा सरळ पाण्यात उकडलं तर काय फरक पडतो?

निवांत_गडी:
अर्धा तास फारच झाला हो! बिनहाडाचा, अंगठ्याएवढा जाड पीस १२ ते १५ मिनिटांत होतो, आणि पाणी खळखळ उकळायला लागलं की मगच ठेवायचा. ब्रेस्टमध्ये चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे जरा जास्त शिजलं की आतलं पाणी पिळून निघतं. पीस एका बाजूला जाड असतो तो लाटण्याने हलकेच ठोकून सारखा करून घ्या. भीती जात नसेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर आणा, सगळ्यात जाड भागात मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसलं की गॅस बंद. रंगावर जाऊ नका, हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही कधीकधी गुलाबीच दिसतं.

चटकमटक:
चवीचं म्हणाल तर वाफ १०० अंशांवर जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० तरी लागतात, तेव्हा भाजल्यासारखी चव येणारच नाही, ती आशा सोडा 😄 मीठ मात्र अर्धा-पाऊण तास आधी चोळून ठेवा, सोबत आलं-लसूण, मिरपूड. लिंबू वरून, खाताना. अजून एक, झाकणाला आतून फडकं बांधा आणि टोकं वर घेऊन गाठ मारा (लोंबती ठेवली तर पेट घेतील), नाहीतर झाकणावरचं पाणी टपटप चिकनवर पडतं आणि लावलेलं सगळं धुऊन जातं.

आळशी_आचारी:
उकडण्याबद्दल कोणीच बोललं नाही. उकडताना ब जीवनसत्त्वं थोडी पाण्यात उतरतात, पण ते पाणी सूप म्हणून प्यायलात तर वाया काय गेलं? वाफवण्याचं उगाच फार कौतुक होतं असं माझं स्पष्ट मत. चरबीचा खरा फरक कातडी काढल्याने पडतो, आणि लोक बिनतेलाचं चिकन करून वर मेयोनीज ओततात त्याला काय म्हणायचं!

जाईजुई:
मेयोनीजचं वाचून गप्प बसले 🙈 लेग पीस चालेल का असाच?

निवांत_गडी:
चालेल की, उलट तो इतक्या पटकन कोरडा पडत नाही. हाडासकट २५ ते ३० मिनिटं धरा, पीस एकमेकांना चिकटवून रचू नका, वाफ फिरायला जागा हवी. मधे पाणी आटलं तर उकळतंच घाला. आणि फ्रीजरमधला असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा.