ट्रेलर घ्यावाच, पण बेअरिंग बघा
वर्षातून दोनदाच बोट हलणार, मग बोट वाहून न्यायचा ट्रेलर कशाला, क्रेन भाड्यानं आणा हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटलं नाही ओ. हिडकल धरणावर एप्रिल-मेमध्ये घटप्रभेचं पाणी केवढं आत सरकतं, काठाला नुसता गाळ, क्रेन पोचतच नाही, आमची पाँटून (पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) गेल्या उन्हाळ्यात तशीच गाळात बसली आणि एका नळकांड्याला खालून पोचा आला, अजून जीव हळहळतो. ट्रॅक्टरला जोडलेला ट्रेलर निदान खालपर्यंत जातो.

बेअरिंगचं मात्र कुणीच बोललं नाही. हायवेवरनं आल्यावर हब, म्हणजे ट्रेलरच्या चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, तापलेला असतो, तसाच पाण्यात घातला की आतली हवा आकसून पाणी ओढलं जातं, ग्रीस दुधासारखं पांढरं होतं नि बेअरिंग गंजतं. हाताला गार लागल्यावरच उतरवा.