प्रतिसाद: एकच क्षेत्र की अनेक?

फ्रीलान्स लेखकाने एकच क्षेत्र धरावं, नाहीतर सगळंच वरवरचं होतं, असं वर म्हटलंय. मला ते पटत नाही. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि ट्रान्सफॉर्मर, औषधं, रंगद्रव्यं अशा तीन उद्योगांसाठी लिहिते. सुरुवातीला एका माहितीपत्रकात ट्रान्सफॉर्मरची क्षमता मी केव्हीएऐवजी (किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकाराचं एकक) किलोवॅटमध्ये लिहिली होती. मकरपुऱ्यातल्या कारखान्यातल्या इंजिनिअरकाकांनी समोर बसवून समजावलं: तांब्याच्या वेटोळ्यांत वाया जाणारी वीज करंटवर अवलंबून, लोखंडी गाभ्यात वाया जाणारी व्होल्टेजवर; आणि गिऱ्हाईक पुढे कसला लोड जोडणार, त्याचा पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी किती भाग किलोवॅट म्हणून प्रत्यक्ष कामी येतो ते प्रमाण) किती, हे बनवणाऱ्याला आधी कळत नाही. म्हणून केव्हीए. तेव्हापासून कारखाना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही.

औषधांचं वेगळं. अमुक औषधाने मधुमेह बरा होतो, अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. क्लायंटने आग्रह धरला म्हणून एकदा मी काम सोडलं. त्या महिन्यात चणचण झाली, तरी पुन्हा तेच करीन.

आणि कामाचे पैसे शब्दसंख्येवर लावू नका. वाचन, भेटी, तपासणी यांचे तास धरा, आणि क्लायंटच्या तांत्रिक माणसाने मजकूर तपासून द्यायचा ही अट काम घेतानाच लेखी ठेवा.