मदत हवी आहे: मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर अमोरिम, त्याला ठेवायचं की घालवायचं? दादाशी भांडायला मुद्दे द्या

धागाकर्ता: नाशिकचा_सैतान

नमस्कार मंडळी,

काल अ‍ॅस्टन व्हिलाला 2-0 हरवलं, तरी 2024-25 चा सीझन संपला तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आपण पंधरावे. 38 सामने, 42 गुण, 18 पराभव. त्याआधी बुधवारी रात्री साडेबाराचा गजर लावून बिल्बाओला झालेली युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल बघितली आणि टॉटनहॅमकडून 1-0 हरलो. त्यांच्याकडून एकाच सीझनमध्ये चौथ्यांदा! तेसुद्धा लीगमध्ये सतरावे आलेल्या संघाकडून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा काय अवतार होता ते विचारू नका.

तर अडचण अशी आहे. मी आणि माझा मोठा भाऊ 1999 पासून मँचेस्टर युनायटेडवाले. बायर्न म्युनिकविरुद्धची चॅम्पियन्स लीगची ती फायनल शेजारच्या काकांकडे बघितली होती. शेरिंगहॅमचा गोल झाला तेव्हा मला डुलकी लागली होती, दादाने लाथ घालून उठवलं म्हणून सोल्स्कयारचा तरी दिसला. आज 26 मे 2025, म्हणजे त्याला बरोबर 26 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मॅनेजरवरून आमचं कधी वाजलं नाही. मोयेस झेपणार नाही, व्हॅन खाल झोप आणतो, मोरिन्हो किरकिर करतो, सगळ्यावर एकमत. अमोरिमवरून मात्र रोज फोनवर जुंपते आणि वहिनी मागून ओरडतात.

दादा म्हणतो, आधीच्या मॅनेजरला, टेन हागला, ऑक्टोबरमध्ये काढलं तेव्हा आपण चौदावे होतो. हा आला आणि लीगच्या 27 सामन्यांत 27 गुण. सात जिंकले, चौदा हरले. मग बदललं कशाला? मला आतून वाटतं की याला इतक्यात काढू नये, पण का ते सांगता येत नाही. मला गोल कळतो, ऑफसाइड कळतो, 3-4-3 हे काय गौडबंगाल आहे ते कळत नाही.

दोष पद्धतीचा की खेळाडूंचा, हे साध्या प्रेक्षकाने ओळखायचं कसं? विंगर गार्नाचो, स्ट्रायकर होयलुंड, गोलकीपर ओनाना यांचं काय करावं? आणि आपला कॅप्टन ब्रूनो फर्नांडिस, त्याला सौदीच्या क्लबात खरंच जाऊ देतील का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "युनायटेड सोडा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, पुन्हा नको.

अ‍ॅनफिल्डकर

सल्ला देणार होतो, पण तुम्ही आधीच दार लावलंत.

एक मुद्दा मात्र दादांच्या बाजूने. आमच्या लिव्हरपूलमध्ये मॅनेजर क्लॉप गेला, स्लॉट आला. नवीन खेळाडू म्हणाल तर मैदानात दिसलेला एक किएझा, तोही बहुतेक वेळ बाकावर. पहिल्याच वर्षी लीग जिंकली. विसावी. तुमच्याइतक्याच झाल्या आता. चांगला मॅनेजर आहे त्या सामानात स्वयंपाक करतो.

मिडफिल्ड_ताई

अ‍ॅनफिल्डकर, तुमच्या स्लॉटला भरलेलं स्वयंपाकघर मिळालं हो. क्लॉप चार बचावपटू आणि दोन विंगर घेऊन खेळायचा, स्लॉटही तेच. इथे अख्खी चूल बदलायची आहे.

धागाकर्ते, 3-4-3 अवघड नाही. मागे तीन बचावपटू. मध्ये दोघे, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन विंगबॅक. पुढे एक स्ट्रायकर, त्याच्या पाठीशी गोलच्या संधी तयार करणारे दोन 'दहा नंबर'. सगळा भार विंगबॅकवर असतो. एका कडेचा अख्खा रस्ता त्याचा एकट्याचा. पुढे धावून क्रॉस द्यायचा आणि चेंडू गेला की तेवढंच अंतर मागे. आपले डालो आणि मझरावी मुळात फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू. पळतात, पण समोरच्याला चकवून आत घुसणं हा त्यांचा पिंड नाही. अमाद तसं करू शकतो, पण तो ऐन फेब्रुवारीत घोटा दुखावून बसला. डोर्गूला हिवाळ्यात याच कामासाठी आणलं, पण पोरगा अजून कच्चा आहे.

दुसरं दुखणं मधल्या दोघांचं. समोरचा संघ बहुधा तिघांना घेऊन येतो. दोघांनी तिघांना पुरायचं तर फुप्फुसं हवीत, आणि आपल्याकडे कासेमिरो आणि एरिकसन दोघेही 33 वर्षांचे. मग ब्रूनोला खाली ओढावं लागतं आणि गोलजवळचा आपला सगळ्यात हुशार माणूस मध्यरेषेवर अडकतो. फायनल पुन्हा बघायची हिंमत असेल तर एवढंच बघा.

गार्नाचो वाईट खेळाडू नाही. पण तो कडेचा विंगर आहे आणि या घरात त्या खोलीला दारच नाही. फायनलला बाकावर बसवलं म्हणून तो जाहीर बोलला, ते चुकलंच. तरी त्याची घुसमट मला कळते.

म्हणून दोष ओळखायची माझी पद्धत अशी: खेळाडू त्याच्या सवयीच्या जागी असूनही चुकतोय का, हे बघायचं. ओनाना गोलमध्येच उभा असतो. युरोपा लीगमध्ये ल्योंच्या मैदानावर दोन्ही गोल त्याच्या हातून गेले, तिथे 3-4-3 चा संबंध नाही. होयलुंडचे लीगमध्ये चार गोल आहेत. पण त्याला चेंडू किती वेळा मिळतो तेही मोजा. फायनलला त्याचं डोकं बरोबर लागलं होतं, टॉटनहॅमच्या व्हॅन डे व्हेनने हवेत आडवं होऊन चेंडू रेषेवरून काढला. अशा पोराला मी विकणार नाही. ओनानाला विकेन.

पेठेतला_फॉरवर्ड

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची टीम हरली की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर शंभर कोच तयार असतात, त्यामुळं या धाग्यावर एकदम घरी आल्यागत वाटलं.

दादांना एक विचारा. फायनलला पहिल्या अकरात शॉ व्हॅन खालच्या काळातला, मग्वायर ओले सोल्स्कयारच्या, ओनाना टेन हागच्या, डोर्गू अमोरिमच्या. बाकावरचा डालो मोरिन्होच्या. पाच मॅनेजरांनी पाच दुकानातनं आणलेलं सामान, आणि जेवण बिघडलं की आचारी बदला!

आणि इथून सुटलेले बघा. मॅकटॉमिने इटलीत नेपोलीला गेला, परवा शुक्रवारी तिथली लीग जिंकली, निर्णायक सामन्यात गोलबी मारला. अँटनीवर टेन हागनं आठ कोटी पौंडांच्या वर उधळले आणि इथं त्याची टिंगल झाली. जानेवारीत स्पेनमधल्या बेटिसला गेला आणि येत्या बुधवारी त्यांची कॉन्फरन्स लीगची फायनल. माणसं इथं बिघडतात आणि बाहेर पडली की सुधारतात. कुणी तरी आत बसलेलं बिघडवतंय ना? मालक ग्लेझर 2005 पासून बसलेत, आता भागीदार रॅटक्लिफसाहेब आलेत. त्यांनी टेन हागचा करार जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला घालवला. त्याचा हिशेब कोण मागणार?

ठाम_विरोधक

सगळं मान्य, पण पाच दुकानांचं सामान आहे हे अमोरिमला नोव्हेंबरात दिसत नव्हतं का? मधले दोघे कमी पडतात हे ताईंना इथे बसून दिसतं, तर त्याने चार सामन्यांपुरता तिसरा का लावला नाही? जानेवारीत ब्रायटनकडून हरल्यावर स्वतःच म्हणाला की क्लबच्या इतिहासातला कदाचित हा सगळ्यात वाईट संघ. अहो, मग त्या वाईट संघाला सोपं काहीतरी द्या! तत्त्व जपायला 42 गुण हा फार महाग भाव आहे. माझं मत दादांना.

मिडफिल्ड_ताई

हा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला त्याने याच पद्धतीने 2021 मध्ये 19 वर्षांनी लीग मिळवून दिली, 2024 ला पुन्हा. म्हणून हट्ट आहे. पण पोर्तुगालमध्ये बहुतेक संघ तुमच्यासमोर मागे सरकून बसतात. इंग्लंडमध्ये तळाचा संघही अंगावर येतो.

फक्त एक जुनी गोष्ट आठवा. क्लॉप ऑक्टोबर 2015 मध्ये लिव्हरपूलला मधूनच आला. त्या वर्षी आठवे आले आणि युरोपा लीगची फायनल सेव्हियाकडून हरले. पुढच्या वर्षी युरोपात खेळायचं नव्हतं, सरावाला अख्खा आठवडा मिळाला, चौथे आले. आठवे आणि पंधरावे यात अंतर आहे हे कळतं मला. पण अमोरिमला गुरुवारी युरोपा, रविवारी लीग करत सराव असा मिळालाच नाही. आता मिळेल, कारण युरोपातून आपण बाहेर आहोत. तेव्हा मी त्याला उन्हाळा देईन, दोन दहा नंबर आणि एक दमदार मिडफिल्डर देईन, आणि दिवाळीपर्यंत बघेन.

अ‍ॅनफिल्डकर

क्लॉपचं नाव घेतलंत, आता मला बोलायला जागाच उरली नाही.

नाशिकचा_सैतान

सगळ्यांचे आभार. आत्ताच दादाला फोन करून पाच दुकानांचं सामान ऐकवलं. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "मग फर्ग्युसनला काय पाचपक्वान्न मिळालं होतं का?" मी म्हटलं, तो मॅनेजर म्हणून 1986 ला आला, पहिला कप 1990 ला, आणि त्या वर्षी लीगमध्ये तेरावे होतो. आजचा क्लब असता तर 89 च्या दिवाळीतच घरी पाठवला असता. यावर त्याने "वहिनी जेवायला बोलावतेय" म्हणून फोन ठेवला. साडेचार वाजता.

ठाम_विरोधक यांचा प्रश्न मात्र मी त्याला मुद्दाम सांगितला नाही. त्याला तो स्वतःहून सुचायच्या आत कुणाकडे उत्तर असेल तर द्या. आणि ब्रूनोचं राहिलंच! सौदीच्या अल-हिलाल क्लबाच्या बातम्या येत आहेत. या सीझनला सगळे मिळून 19 गोल त्याचे. तो गेला तर कोणाला 'दहा नंबर' करणार, मग 3-4-3 असो की आणखी काही?