रडारही फसतं
"डोळे फसतील, पण लष्करी रडार फसत नाही," असं उडत्या तबकड्या (यूएफओ) खऱ्या मानणारे म्हणतात. मला हे पटत नाही. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या रडारवर लागोपाठ दोन शनिवारी रात्री अनोळखी ठिपके दिसले, लढाऊ विमानं धाडली गेली. अमेरिकी हवाई दलाने कारण सांगितलं तापमानाच्या उलट्या थराचं: खाली गार हवा, वर उबदार. मग रडारच्या लहरी खाली वाकतात आणि जमिनीवरचीच वस्तू आकाशात असल्यासारखी दिसते. आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे किल्ल्यावरून बघा, खालच्या लश्कर या वस्तीतला धूर वर न जाता आडवा पसरलेला असतो. हा तोच थर! मात्र तेव्हा काही वैमानिकांनी दिवे प्रत्यक्ष डोळ्यांनीही पाहिले होते. तेवढं कोडं या थराने सुटतं असं मला वाटत नाही.