मदत हवी आहे: मे महिन्यात घर बंद, पडवीतल्या कुंड्यांना थेंब-थेंब पाणी कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. घर गुहागरात, समुद्राच्या बाजूला. लग्नामुळे मे महिन्यात दोन आठवडे पुण्याला मुक्काम. एरवी शेजारच्या काकू पाणी घालतात, पण त्याही याच लग्नाला येतायत. बागेचं शिंपणं करायला गडी आहे, पडवीला मात्र कुलूप. कुंड्या बाहेर ठेवा असं कृपया सांगू नका, माकडं एकही शिल्लक ठेवणार नाहीत.

टायमरचा पंप नको. वळवाचे दोन थेंब पडले की आमच्याकडे वीज जाते.

सध्या पाच लिटरच्या कॅनला सलाइनचा सेट लावून बघतोय. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला ५ थेंब धरले तर दिवसाला ३६० मिली, म्हणजे १४ दिवसांना कॅन पुरतो. कागदावर झकास! प्रत्यक्षात पाण्याची पातळी उतरली की थेंब मंदावतात आणि सकाळपर्यंत बंदच. पिंडीवरच्या गळतीलाही अधूनमधून कोणीतरी बघावं लागतं, इथे तर घरात कोणी नसणार. वेग एकसारखा कसा ठेवायचा?

दुसरं, पीस लिली आणि मनी प्लांटला सुती वात चालेल का? माती नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळलेली आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १
कॅनचं झाकण हवाबंद करा. त्यातून एक बारीक नळी आत सोडा, टोक तळापासून चार बोटं वर. सेट तळाशी भोक पाडून बसवा आणि एम-सील लावा. आता हवा फक्त त्या नळीतून शिरेल, त्यामुळे पाणी नळीच्या टोकाच्या वर आहे तोवर दाब तोच राहतो. मॅरियटची बाटली म्हणतात ती हीच. कॅन जाड प्लॅस्टिकचा हवा आणि सावलीत ठेवा. आतली हवा तापून फुगली की थेंब वाढतात. लहान मुलांचा मायक्रो सेट मिळाला तर उत्तम, त्याचे ६० थेंब म्हणजे एक मिली. तेवढ्याच पाण्याला मिनिटाला १५ थेंब, मोजायला सोपं.

प्रतिसाद २
वात चालते, पण पाण्याचं भांडं कुंडीपेक्षा खाली ठेवा. वर ठेवलंत तर वातीतून पाणी उतरतच राहतं आणि मुळं कुजतात. वीतभर उंचीपर्यंत पाणी बरं चढतं, त्यापुढे भरवसा नाही. सुती वात दमटपणात कुजते, जुन्या पॉलिएस्टर दुपट्ट्याची पट्टी पिळून वापरा. आधी ती पाण्यात भिजवून घ्या, कोरडी लावली तर पाणी ओढायला वेळ घेते. मोठ्या कुंडीत बिनझिलईचं गाडगं गळ्यापर्यंत पुरून भरायचं, वर झाकण. माती कोरडी पडली की तीच पाणी शोषते. मचूळ पाणी मात्र यात अजिबात नको, क्षार साचून छिद्रं बुजतात. पिण्याचं गोडं पाणी भरा. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी सगळं जोडून बघा.