तळ्याकाठची बारमाही वाट: थोडी भर

तळ्याकाठची वाट सपाट असल्यामुळे ती सर्व ऋतूंत सारखीच सोपी असते, असे वर एका सदस्याने लिहिले आहे. चढउतार नसल्यामुळे लहान मुले आणि वयस्कर मंडळीही ताशी ३ ते ४ किलोमीटरच्या निवांत चालीने फेरी पूर्ण करू शकतात, हे मला मान्य आहे. परंतु वाटेचा सोपेपणा पायाखालच्या जमिनीवरही तितकाच अवलंबून असतो.

काठची माती ओल धरून ठेवत असल्याने पाऊस थांबल्यानंतरही तेथे चिखल राहतो, आणि सावलीतल्या लाकडी फळ्यांवर शेवाळ धरते. चिखल चुकवण्यासाठी आपण कडेच्या गवतावरून चालू लागलो, की वाट रुंदावत जाते आणि ज्या लव्हाळ्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवलेला असतो तीच तुडवली जातात. तेथे पाणपक्ष्यांची घरटीही असतात. म्हणून पाणी न शिरणारे बूट घालून चिखलातूनच सरळ जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उन्हाळ्यात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापत असल्यामुळे मोठ्या तळ्यावरून दुपारी काठाकडे गार वारा येतो, आणि तो फार सुखद असतो.

थंड प्रदेशात तळे गोठले, तरी बर्फावरून जवळची वाट काढू नये. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड होऊन तळाशी जाते, म्हणून गोठण्याची सुरुवात वरून होते आणि खाली पाणी द्रवच राहते. जेथे ओढा तळ्याला मिळतो तेथे बर्फाचा थर विशेष पातळ असतो.