मदत हवी आहे: लहान मुलांना ड्रॅगन काढायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी चार ते आठ वर्षांच्या मुलांचा चित्रकलेचा तास घेते. रीतसर शिक्षण नाही, हौस आहे. पुढच्या तासाला ड्रॅगन काढायचा असं मुलांनीच ठरवलंय आणि माझी पंचाईत झालीये.

मासा किंवा मांजर असेल तर मूल अडलं की "मिशा कुठे असतात ते बघ" म्हणता येतं. ड्रॅगन कुठून दाखवू? मला वाटायचं, जो प्राणी कोणी पाहिलेलाच नाही तो चुकणार तरी कसा, मुलं बिनधास्त काढतील. पण घरातल्या छोट्या मंडळींवर प्रयोग करून पाहिला तर उलटंच झालं. प्रत्येकाच्या डोक्यात कार्टूनमधला ड्रॅगन पक्का बसलेला, त्यामुळे पहिली रेघ ओढायच्या आधीच "मला तसा नाही येत, तूच काढून दे" सुरू.

'सोप्या पायऱ्यांत ड्रॅगन' छापाचे व्हिडिओ पाहिलेत. त्यांनी काम होतं, नाही असं नाही. पण शेवटी सगळे ड्रॅगन एकसारखे, फक्त काही वाकडे, आणि ज्याचा वाकडा होतो ते मूल कागद चुरगाळून टाकतं.

तर प्रश्न असे: फळ्यावर काढून दाखवावं की नाही? चार आणि आठ वर्षांच्या मुलांना एकाच तासात काय सांगायचं? आणि पंख! तिथे सगळेच अडतात, मीसुद्धा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपी रेघ:
आधी वय बघा. साधारणपणे मुलं तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल बघून काढू लागतात, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, पाचच्या आसपास त्रिकोण. बर्फीसारखा तिरका चौकोन सहा-सातच्या आधी बहुतेकांना जमत नाही. त्या व्हिडिओंमधले खवले नेमके तसेच तिरके चौकोन असतात आणि पाठीवरचे काटे त्रिकोण! चार वर्षांचं मूल रडेल नाहीतर काय करेल? खवल्यांना अर्धगोल द्या, काट्यांना नुसत्या उभ्या रेघा. पंखच नको असतील तर चिनी ड्रॅगन काढा. तो बहुतेक वेळा बिनपंखांचाच असतो, लांब सापासारखं अंग आणि चार पाय.

खडूफळा:
फळ्यावर अख्खा ड्रॅगन काढू नका, अवयव काढा. ही युक्ती माझी नाही, लिओनार्दो दा विंचीची आहे. कल्पनेतला प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा एकेक अवयव खऱ्या प्राण्याचा घ्या, असं त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय, आणि उदाहरण ड्रॅगनचंच दिलंय: डोकं कुत्र्याचं, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, भुवया सिंहाच्या, मान पाणकासवाची. चिनी परंपरेतही ड्रॅगनचं वर्णन असंच येतं. शिंगं हरणाची, खवले माशाचे, नख्या गरुडाच्या, कान गाईचे.

म्हणजे "ड्रॅगन कसा काढायचा" हा प्रश्नच उरत नाही. "तुझ्या ड्रॅगनला पाय कोणाचे?" एवढंच विचारायचं. मूल म्हणालं कोंबडीचे, तर कोंबडीचे पाय त्याला माहीत असतात. कार्टूनमधला ड्रॅगन आपोआप मागे पडतो.

निळी शाई:
खडूफळा यांच्याशी सहमत, पण चार-पाच वर्षांच्यांना हे तितकं सहज जमेलच असं नाही. ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना 'अस्तित्वात नसलेला' प्राणी, माणूस आणि घर काढायला सांगून अभ्यास केला होता, तो १९९० साली प्रसिद्ध झाला. लहान मुलं नेहमीचंच चित्र काढत, फक्त एखादा भाग लहानमोठा किंवा वेडावाकडा करत, नाहीतर गाळून टाकत. दुसऱ्याच कशाचा तरी भाग आणून जोडणं किंवा भागांची जागा बदलणं हे मुख्यतः आठ-दहा वर्षांची मुलं करत. पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले. नमुना दाखवला तर लहानांनाही जमतं असं दिसलं. त्यामुळे "दाखवूच नका" या मताची मी नाही. एकच न दाखवता एकमेकांशी अजिबात न जुळणारे तीन-चार दाखवा आणि झाकून टाका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. छोट्यांना सांगा, "मान खूप लांब कर", "डोळा केवढा मोठा?", "याला पायच नाहीत." मोठ्यांना सांगा, "कोणाचं काय कोणाला लावायचं ते ठरव." काम एकच, बोलणं वेगळं.

गिरगिट्या:
थोडा विरोधी सूर लावतो. पायऱ्यांना इतकी नावं ठेवू नका. सात-आठ वर्षांच्या मुलांना "खराखुरा दिसला पाहिजे" असंच वाटत असतं, त्यांना "मनाने काढ" म्हटलं की ती रुसतात. बघून काढण्यातून हात बसतो. एक ड्रॅगन बघून काढू दे, दुसरा मनाने. आणि खोडरबर लपवा, त्यात अर्धा तास जातो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. 'पाय कोणाचे' हा प्रश्न आत्ताच घरी विचारून पाहिला, उत्तर आलं "कोळ्याचे". आठ पायांचा ड्रॅगन तयार आहे, काढून द्यायला कोणी सांगितलं नाही. पण पंख राहिलेच. पाकोळीचे लावले तर "हा तर पक्षी" म्हणतात.

कागदी होडी:
वटवाघळाचे लावा. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि त्यांच्यामधला पडदा, म्हणजे मुळात हातच. तेव्हा मुलांनी स्वतःचा पंजा बोटं फाकवून कागदावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि हात उचलून बोटांची टोकं आत वळलेल्या कमानींनी जोडायची. अंगठा मात्र मोकळा सोडायचा. वटवाघळाचाही मोकळाच असतो आणि त्याला नखी असते, ती काढायला मुलांना फार आवडते.

धागाकर्ती:
भारी! पण उजव्या हाताने लिहिणारं मूल डावाच पंजा गिरवणार, मग दोन्ही पंख एकाच बाजूचे नाही का होणार?

कागदी होडी:
दुमडलेल्या कागदावर एकदाच गिरवा आणि दोन्ही पदर एकत्र कापा. दोन पंख मिळतात, त्यातला एक उलटा करून चिकटवायचा. कापायचं काम छोट्यांना देऊ नका. त्यांचा ड्रॅगन बाजूने काढलेला असला तर एक पंख पुरतो, तक्रार कोणी करत नाही. चिकटवायचं सगळ्यात शेवटी, अंग रंगवून झाल्यावर. आणि तोंडातली आग त्याच्याही नंतर. आधी काढू दिली तर सगळा वर्ग लाल खडूवर तुटून पडतो आणि ड्रॅगन बिचारे बिनरंगाचे राहतात.